चेहरा कोणाचा, मन कोणाचे?

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावरून कर्जतकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, त्या चौक गावी चेहऱ्यांची टंचाई नाही. राज्यातील कोणत्याही नाक्याप्रमाणे येथेही वाढदिवस, निवड, नियुक्ती, सणाच्या शुभेच्छा यांपैकी एखादे निमित्त पुरते आणि रातोरात फ्लेक्सचे फलक उभे राहतात. वरच्या पट्टीत पक्षश्रेष्ठी, मध्यभागी पूर्णाकृती नेता, खाली शुभेच्छुकांच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग. सगळ्यांची कातडी संगणकावर उजळलेली, सगळ्यांचे हसू एकाच मापाचे. या चेहऱ्यांत मन शोधू गेले तर ते सापडत नाही. चिंता नाही, शंका नाही, जागरणाची खूण नाही, केलेल्या एखाद्या तडजोडीची सल नाही. माणसाची ओळख करून देणे हा या चित्रांचा हेतूच नसतो. मोकळ्या जमिनीवर सावकाराने मालकीची पाटी ठोकावी, तशी ती नाक्यावर सत्तेची पाटी ठोकतात.

या फलकांच्या मागे इर्शाळगड उभा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकूर आदिवासींची वस्ती. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे नेता आली नाहीत. भर पावसात माणसांनी हातांनी माती उपसली. २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारने त्या वेळी सांगितले. जिवंतपणी जी माणसे यादीत नव्हती, ती मेल्यावर आकड्यात आली. त्या आठवड्यात कॅमेरे डोंगराच्या पायथ्याशी पोहोचले आणि वाचलेल्यांचे चेहरे घरोघरी दिसले. परंतु ते दिसले 'आपद्ग्रस्त' म्हणून: आक्रोश करणारी बाई, सुन्न बसलेला म्हातारा, कडेवरचे मूल. त्यानंतर याच माणसांनी कंटेनरच्या तात्पुरत्या वस्तीत दिवस काढले. सिडकोमार्फत त्यांच्यासाठी चौकजवळ घरे बांधण्यात आली. या दीर्घ काळात त्या चेहऱ्यांवर काय काय उमटून गेले असेल, यात बातमीला रस नव्हता. आक्रोश विकला जातो. आक्रोश ओसरल्यानंतरचे मन विकले जात नाही.

एकाच नाक्यावर हे दोन प्रकार शेजारी शेजारी उभे आहेत. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा चेहरा सर्वत्र आहे आणि त्यात मन नाही. ज्याच्या हाती केवळ श्रम आहेत त्याला मन आहे आणि ते कोणत्याही चित्रात नाही. व्यक्तिचित्रातील मानसिक खोली हा कलादालनातील रसिकांचा विषय, श्रमिकांच्या चळवळीला त्याचे काय, असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी या नाक्यावर घटकाभर उभे राहावे. ज्याला अंतर्मन आहे असे समाज मानतो, त्याचे म्हणणे समाजाला ऐकून घ्यावे लागते. ज्याला ते नाही असे मानले जाते, त्याची मोजणी आणि पुनर्वसन करून भागते. चित्राचा प्रश्न येथे सरळ राजकारणाचा प्रश्न होतो.

हा भेद आजचा नाही. १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि पाश्चात्त्य पद्धतीचे तैलरंगातील व्यक्तिचित्रण महाराष्ट्रात रुजले. पेस्तनजी बोमनजी, त्रिंदाद, धुरंधर, हळदणकर अशी थोर नावे या परंपरेत आहेत आणि त्यांच्या कुंचल्याचे सामर्थ्य कोणी नाकारू नये. पण समोर बसणारा कोण होता, हेही विचारले पाहिजे. व्यक्तिचित्रासाठी तासन्‌तास बसावे लागते. ज्याची रोजी बुडते तो बसू शकत नाही. चित्रकाराला मानधन द्यावे लागते. ते शेठजी, संस्थानिक, न्यायमूर्ती आणि नगरसभा देत. म्हणून सभागृहांच्या भिंतींवर पागोटी, शाली आणि सोन्याच्या साखळ्या लटकल्या. त्याच काळात साम्राज्य सरकार दुसऱ्या प्रकारची चित्रे गोळा करीत होते. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत या देशातील जातीजमातींची छायाचित्रे होती. तेथे माणूस हा नमुना होता: अमुक जमात, तमुक पेहराव, स्वभाव असा असा. १८७१ साली याच सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, हा योगायोग समजण्याचे कारण नाही. शेठजीच्या चित्राखाली त्याचे नाव आले, आदिवासीच्या चित्राखाली जमातीचे. एकाला चरित्र मिळाले, दुसऱ्याला वर्गवारी.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, वर्गवारी राहिली. पर्यटन खात्याच्या भिंतीवर नाचणारा आदिवासी, आश्रमशाळेच्या भिंतीवर हसणारा आदिवासी, योजनेच्या पुस्तिकेवर हात जोडणारा आदिवासी. कर्जत-खालापूर पट्ट्यातील कातकरी माणूस पिढ्यानपिढ्या खैराचा कात काढीत आला. जंगल गेले तेव्हा तो कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर गेला. पावसाळ्याच्या तोंडी, घरात दाणा नसताना, त्याने मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी बायकामुलांसह भट्टीवर मुक्काम केला. सरकारच्या लेखी तो 'विशेष असुरक्षित आदिम जमाती'त मोडतो. उचल घेताना त्याने काय हिशेब केला, मुलाला शाळेतून काढताना नजर कोठे वळवली, मुकादमासमोर हसताना आत काय गिळले, हे त्या सदरात मावत नाही. हे दाखविण्याचे साधन म्हणजे व्यक्तिचित्र.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मानसिक खोली म्हणजे चेहऱ्यावर दुःख फासणे नव्हे आणि हुबेहूबपणाही नव्हे. छायाचित्र क्षण पकडते. चांगले व्यक्तिचित्र अनेक बैठकांतून, अनेक क्षण एकत्र करून उभे राहते. माणसाच्या चेहऱ्याचे दोन भाग सारखे नसतात. एक डोळा जगाकडे पाहतो तेव्हा दुसरा पुष्कळदा आत वळलेला असतो. ओठ सावरलेले असताना हात खरे बोलून जातात. कसलेला चित्रकार ही विसंगती पुसत नाही, तीवरच चित्र उभारतो. अभिव्यक्तिवादी चित्रकार तर बाह्य रूपाला मुद्दाम ताण देतो, रेषा वाकवतो, रंग तापवतो, कारण आतील ताण सरळ रेषेत बसत नाही. फ्लेक्सवरील चेहरा जे जे पुसून टाकतो, ते ते सारे व्यक्तिचित्राचे भांडवल असते.

श्रमिकांच्या बाबतीत हे शक्य आहे काय, अशी शंका असणाऱ्यांनी इल्या रेपिनचे 'व्होल्गावरील नावा ओढणारे मजूर' हे चित्र आठवावे. १८७० ते १८७३ या काळात ते तयार झाले. त्यात अकरा मजूर छातीला पट्टा लावून नाव ओढीत आहेत. डाव्या चळवळीत ते शोषणाचे प्रतीक म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु या चित्राचे बळ प्रतीकात नाही. रेपिन व्होल्गाकाठी राहिला, मजुरांशी बोलला, एकेकाचे अभ्यासचित्र काढीत गेला. पुढे चालणारा कानीन हा एके काळचा पाद्री होता. त्याच्या चेहऱ्यावर विचार करणाऱ्या माणसाची खंत आणि शहाणपण आहे. मध्यभागी एक तरुण पोरगा पट्टा सैल करीत मान वर करतो. त्याला हा जन्म अजून मान्य झालेला नाही. कोणी निमूट आहे, कोणी चिडलेला, कोणी पार विझलेला. अकरा माणसे आणि अकरा मने एकाच दोराला जुंपलेली आहेत, म्हणून तो दोर असह्य होतो. चेहरे एकसारखे असते तर ती केवळ ओढणारी जनावरे दिसली असती. हे चित्र झारच्या घराण्यातील ग्रँड ड्यूक व्लादिमिरने विकत घेऊन आपल्या महालात लावले, ही त्याची दुसरी कथा. मालकवर्ग श्रमिकांचे मनही दिवाणखान्यात टांगू शकतो, एवढा बोध तिच्यातून घ्यावा.

रशियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. चौक ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ सासवणे येथे, विनायक पांडुरंग करमरकर या शिल्पकाराचे घर आहे. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. १८९१ साली जन्मलेल्या या खेड्यातल्या मुलाने देवळाच्या भिंतीवर रंगविलेले चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याला जे. जे. मध्ये धाडले. महाराष्ट्राला करमरकर माहीत आहेत ते पुण्यातील शिवछत्रपतींच्या १९२८ च्या अश्वारूढ पुतळ्यामुळे. तो पुतळा भव्य आहे यात वाद नाही. पण सासवण्याच्या घरात आणि अंगणात, सिमेंटसारख्या स्वस्त माध्यमात, त्यांनी भोवतालची जी माणसे घडविली, ती पाहण्यास किती कार्यकर्ते गेले? कोळीण, खेड्यातील बायाबापड्या, गोठ्यातील जनावर यांना त्यांनी तितक्याच गांभीर्याने हात लावला. त्या मूर्तींत 'कोळी समाजाचा नमुना' नाही. एक विशिष्ट बाई आहे, आपल्या विचारात गुंतलेली. राजाला ब्राँझ आणि कोळणीला सिमेंट ही व्यवस्थेने केलेली वाटणी आहे. कलावंताच्या बोटांनी ती मानली नाही. ज्या राज्यात पुतळ्यांची उंची फुटांत मोजून राजकारण चालते, तेथे सासवण्याची ही शिकवण अभ्यासवर्गात सांगण्याजोगी आहे.

आता चळवळीतून येणाऱ्या आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे. आक्षेप असा की, एका माणसाच्या अंतर्मनात शिरणे म्हणजे व्यक्तिवाद. तो वर्गीय जाणीव बोथट करतो. चळवळीला हवा असतो सामूहिक चेहरा. या समजुतीतून जी भित्तिपत्रके निघाली ती सर्वांना ठाऊक आहेत: चौकोनी जबडा, वर उचललेली मूठ, क्षितिजाकडे लागलेले डोळे. त्या मजुराला कधी ताप येत नाही, तो संपाच्या तिसऱ्या महिन्यात घरी जाण्यास कचरत नाही, त्याची बायको त्याच्याशी भांडत नाही. खरा मजूर भित्तिपत्रकापुढे उभा राहतो तेव्हा त्याला तेथे स्वतःचा चेहरा दिसत नाही. फ्लेक्सवरील नेता आणि भित्तिपत्रकावरील कामगार यांच्यात वर्गाचे अंतर आहे. मनाच्या अभावात मात्र दोघेही सारखे आहेत, हे कटू असले तरी खरे आहे.

या हट्टाची किंमत चळवळीने यापूर्वी मोजली आहे. गोव्यातील सालगाव येथे १९२४ साली जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा हा जे. जे. मधून काढून टाकलेला विद्यार्थी कम्युनिस्ट पक्षात आला होता. गोव्यातील कष्टकरी माणसे त्याच्या सुरुवातीच्या चित्रांचा विषय होती. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप स्थापन करणाऱ्यांत तो अग्रभागी होता. चित्र असे काढा, तसे काढा, असे पक्षात सांगितले जाऊ लागले म्हणून आपण बाहेर पडलो, असे त्याने पुढे नमूद केले. १९४९ मध्ये तो लंडनला गेला. तेथे त्याने जे चेहरे रंगविले त्यांची जाड काळी रेषा, कपाळावर चढलेले डोळे आणि करकरीत दात पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात. १९५५ च्या 'मिस्टर सेबॅस्टियन' या चित्रात सूट घातलेल्या प्रतिष्ठिताच्या चेहऱ्यात आणि मानेत बाण रुतले आहेत. भांडवली सभ्यतेच्या आत काय कुजले आहे, हे शंभर पत्रकांपेक्षा तो एक चेहरा अधिक सांगतो. सूझाने पुढे कोणते राजकारण केले वा केले नाही हा प्रश्न निराळा. एवढ्या ताकदीच्या डोळ्याला मूठ काढण्याचा आदेश देणारी चळवळ स्वतःचेच डोळे मिटून घेत होती.

व्यक्ती पाहिली म्हणजे वर्ग दिसेनासा होतो, हे मुळात खरे नाही. ठाण्यात १९७५ पासून तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांनी त्याचा पुरावा दिला आहे. १९७७ चे 'इराणी रेस्टॉरंट' असो, १९८० चे 'ट्रेन' असो, की गिरणगावाच्या पालटाचे २००१ मधील 'लोअर परळ' असो. त्यांत दिसतो तो मुंबईच्या उपनगरांतून रोज ये-जा करणारा कष्टकरी. त्याचे शरीर जड आहे, कपडे सुरकुतलेले आहेत, आणि चेहऱ्यावर गर्दीतही स्वतःशी एकटे असण्याची खूण आहे. तो दयेची याचना करीत नाही, घोषणाही देत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप का मोडला याची आर्थिक आणि राजकीय मीमांसा पुष्कळ झाली. पण त्या लाखोंच्या मनात आशा कोणत्या दिवशी खचली, हे त्या मीमांसेला सांगता येत नाही. ते ज्या चेहऱ्यांवर लिहिलेले होते, ते चेहरे वाचण्याची सवय नेत्यांना असती, तर काही निर्णय वेगळ्या वेळी झाले असते.

हीच गोष्ट हुतात्म्यांची. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकील झालेले भाई कोतवाल यांनी १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह बलिदान केले. वयाची तिशी त्यांनी नुकतीच ओलांडली होती. त्यांच्या तसबिरीला दर वर्षी हार पडतो. हार पडला की चेहरा झाकला जातो. चालू शकणारी वकिली सोडून डोंगरात रात्री काढणाऱ्या तरुणाच्या मनात घरच्या आठवणीने काय होत असेल, पकडले जाण्याची भीती त्याने कशी आवरली असेल? अशा प्रश्नांनी हुतात्मा लहान होत नाही. ज्याला भीतीच नव्हती त्याच्या शौर्याचे मोल ते काय? देव केलेल्या माणसापासून तरुण कार्यकर्ता काहीच शिकू शकत नाही. भ्यालेल्या आणि तरीही मागे न फिरलेल्या माणसापासून तो सर्व काही शिकू शकतो.

जर्मनीच्या केथे कोलवित्झने हे जाणले होते. १९१९ साली कार्ल लीब्कनेख्तची हत्या झाल्यावर त्याच्या कुटुंबीयांच्या सांगण्यावरून तिने त्याचा मृतदेह रेखाटला. त्यावरून पुढे केलेल्या काष्ठमुद्रेत तिने मुख्य स्थान दिले ते निरोप घेण्यास आलेल्या कामगारांना. ती त्याच्या पक्षाची नव्हती. कामगारांचे वाकलेले माथे, छातीवर ठेवलेला हात आणि चेहऱ्यांवरील अविश्वास पाहून त्या चळवळीने काय गमावले ते कळते. इर्शाळवाडीच्या ८४ माणसांसाठी असा एक कागद तरी निघावयास हवा होता. तेथे शोक करणारे होते. त्यांच्या समोर निवांत बसून त्यांना पाहणारा कोणी आत्मीय डोळा हवा होता.

मग कार्यकर्त्यांनी करावे काय? कलादालने काबीज करण्याचे कार्यक्रम आखण्याची आवश्यकता नाही. सुरुवात शाळेपासून व्हावी. राज्यात हजारो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे तेथील विषय. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा हा स्वतंत्र विषय तेथे नाही. मडके रेखाटता आले पाहिजे हे खरेच. परंतु मडके घडविणाऱ्याचा चेहराही रेखाटता आला पाहिजे, अशी मागणी चळवळीतील शिक्षकांनी लावून धरावी. आश्रमशाळांतील चित्रकला शिक्षकांची पदे भरली जावीत, ही मागणी भाकरीच्या मागणीबरोबर उच्चारण्यास संकोच वाटू नये. ठाकूर आणि कातकरी मुलांच्या हाती कोळसा आणि कागद आला, की ती स्वतःच्या आजीचा चेहरा काढतील. मग शहरातून येणाऱ्या कलावंताच्या सहानुभूतीवर वाडीला विसंबावे लागणार नाही. गावोगावच्या शिबिरांत भाषणांच्या दोन सत्रांमध्ये एक बैठक चित्रकारासाठी ठेवावी. कार्यकर्त्याने तासभर एका मजुरासमोर बसावे आणि काही न शिकवता, काही न सांगता, त्याच्याकडे फक्त पाहावे. पहिल्या दहा मिनिटांत त्याला 'शोषित' दिसेल. तास संपताना तेथे एक माणूस दिसू लागेल आणि त्याच्याशी बोलण्याची भाषा आपोआप बदलेल.

शेवटी, चळवळीने आपल्या पदाधिकाऱ्यांचे फ्लेक्स लावणे बंद करावे. ज्या रस्त्याने जाताना गरिबाला स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटावी अशी सत्तेची योजना आहे, त्या रस्त्यावर आणखी एक उजळलेला चेहरा टांगून समाजवाद येणार नाही. चौकचा नाका उद्या मोकळा झाला, तर त्या मोकळ्या जागेतून मागचा डोंगर दिसेल, आणि डोंगरातून बाजाराला उतरणारी माणसेही दिसतील. त्यांचे चेहरे वाचण्याइतका वेळ ज्या पक्षापाशी नाही, त्याने त्यांच्या नावाने मते मागू नयेत.